शोकांतिका की शोकात्मिका?

प्रश्न असा आहे: ग्रीक नाटकांवरच्या एका मराठी लेखात 'ट्रॅजेडी'साठी सगळीकडे 'शोकात्मिका' छापलंय. आपण तर 'शोकांतिका' म्हणतो. मग ही छपाईची चूक, की दोन वेगळे शब्द?

चूक मुळीच नाही. नाट्यसमीक्षेत दोन्ही शब्द चालतात, आणि ग्रीक नाटकांपुरता मला 'शोकात्मिका'च पटतो.

आधी फोड करू. शोकांतिका म्हणजे जिच्या अंती शोक आहे ती. शोकात्मिका म्हणजे शोक हाच जिचा आत्मा आहे ती. नायकाची नायिका होते, तशी शोकात्मकची शोकात्मिका. पहिला शब्द शेवटच्या प्रवेशाकडे बोट दाखवतो, दुसरा सबंध नाटकाच्या प्रकृतीकडे. जाता जाता आणखी एक. 'अंतक' म्हणजे संपवणारा, जसा त्रिपुरांतक. त्या वाटेनं गेलं तर शोकांतिका म्हणजे 'शोकाचा अंत करणारी' असाही अर्थ निघतो. शब्द रूढ झाला तो अर्थातच या अर्थानं नाही, पण खाली एका नाटकापाशी मला तो हटकून आठवतो.

मूळ ग्रीक शब्द 'त्रागोइदिया'. त्रागोस म्हणजे बोकड आणि ओइदे म्हणजे गाणं. बोकड बळी द्यायचे म्हणून हे नाव, की गाणाऱ्यांना तो बक्षीस मिळायचा म्हणून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्या कामाचं एवढंच, की या नावात शेवटही नाही आणि शोकही नाही. अथेन्समध्ये दर वसंतात डायोनायसस देवाच्या उत्सवात तीन कवींची स्पर्धा व्हायची. प्रत्येकानं तीन त्रागोइदिया आणि एक सॅटिर-नाटक, म्हणजे सॅटिर नावाच्या अर्धपशू वनदेवतांचं थट्टेखोर नाटक, सादर करायचं. एखाद्या नाटकाचा शेवट गोड झाला, म्हणून ते त्रागोइदिया राहत नाही असं कुणी म्हणत नसे.

एस्किलसची 'ऑरेस्टिया' ही नाट्यत्रयी घ्या. इ. स. पू. ४५८ मध्ये तिला पहिलं बक्षीस मिळालं. पहिल्या नाटकात बायको नवऱ्याला मारते, दुसऱ्यात मुलगा ऑरेस्टिस आईला. तिसऱ्यात सूडाच्या देवता, एरिन्युएस, त्या मुलाच्या मागे लागतात आणि खटला अथेन्समध्ये येऊन उभा राहतो. पंच एकेक करून आपलं मत घटात टाकतात. मोजणी होते, तर मतं समसमान! अथीना देवीनं आपला कौल ऑरेस्टिसच्या बाजूनं आधीच दिलेला असतो, त्यामुळे तो सुटतो. पण नाटक इथे संपत नाही, आणि मला खरं नाटक इथून पुढेच दिसतं. खवळलेल्या एरिन्युएस ही भूमी नासवून टाकू म्हणतात. अथीना त्यांच्यावर शस्त्र उगारत नाही. ती पुन्हा पुन्हा त्यांची समजूत घालते, याच नगरीत त्यांना घर आणि मान देऊ करते. शेवटी किरमिजी वस्त्रं पांघरलेल्या त्या देवतांना मशालींच्या उजेडात मिरवत त्यांच्या नव्या घरी नेलं जातं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शोक आपल्या डोळ्यांसमोर मिटतो. मघाचा तो दुसरा अर्थ मला आठवतो तो इथे.

सोफोक्लीसचा 'फिलोक्टिटीस' (इ. स. पू. ४०९) तसाच. साप चावून चिघळलेल्या पायामुळे सोबत्यांनी त्याला लेम्नॉस बेटावर टाकून दिलेलं. दहा वर्षांची ती कळ नाटकभर ऐकू येते. पण अखेरीस तो बरा व्हायला आणि ट्रॉयच्या युद्धात विजय मिळवायला निघतो, आणि निघताना आपल्या गुहेचा, तिथल्या झऱ्यांचा निरोप घेतो. युरिपिडीसची 'हेलन' आणि 'टॉरिसमधली इफिजिनिया' ही नाटकंही सुटकेवरच संपतात. यांना 'शोकांतिका' म्हणायला जीभ अडखळते. 'शोकात्मिका' म्हणताना अडखळत नाही, कारण शोक आहेच, फक्त तो शेवटाला बांधलेला नाही. आपल्या भवभूतीचं 'उत्तररामचरित' आठवा: करुण रस काठोकाठ, आणि शेवट मीलनाचा.

ॲरिस्टॉटलही व्याख्या करताना गंभीर आणि पूर्ण अशा कृतीबद्दल बोलतो, करुणा आणि भय यांबद्दल बोलतो. शेवट दुःखाचाच हवा अशी अट तो व्याख्येत घालत नाही. एके ठिकाणी तो दुःखान्त रचनेची बाजू घेतो खरा. पण पुढच्याच प्रकरणात, नकळत घात होणार इतक्यात ओळख पटून तो टळतो, अशा प्रसंगाला तो सर्वांत वरचं स्थान देतो आणि उदाहरण देतो तेही इफिजिनियाचंच.

मग मराठीत 'अंत' आला कुठून? मध्ययुगीन युरोपात ट्रॅजेडी म्हणजे वैभवातून विनाशाकडे जाणारी कथा, असा अर्थ रुळला होता. पुढे आपल्याकडे ही कल्पना आली ती प्रामुख्यानं शेक्सपिअरच्या हातून. आगरकरांचं 'विकारविलसित' म्हणजे हॅम्लेट, देवलांचं 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो. दोन्हीकडे पडदा पडतो तो प्रेतांवर. अशी नाटकं समोर असताना 'शोकपर्यवसायी' आणि 'शोकांतिका' हेच शब्द सुचणं साहजिक होतं, आणि त्या नाटकांना ते शोभतातही.

बोलण्यातली 'शोकांतिका' मात्र आता नाटकाची राहिलेली नाही. "पूल झाला, पण रस्ताच नाही, ही खरी शोकांतिका," असं आपण सर्रास म्हणतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. तिथे 'शोकात्मिका' घातली तर वाक्य हास्यास्पद होईल. पण सोफोक्लीसवर लिहायला बसलात, तर 'शोकात्मिका' लिहा आणि मुद्रितशोधकाला तसं बजावून ठेवा.

हाच नियम कॉमेडीलाही लावा. कोमोस म्हणजे नाचत-गात जाणारी मिरवणूक. त्या नावातही शेवट नाही. ॲरिस्टोफेनिसच्या 'मेघ' या नाटकाच्या अखेरीस चिडलेला म्हातारा सॉक्रेटिसच्या विचारशाळेच्या छपरावर चढतो आणि ती पेटवून देतो. तिला 'सुखांतिका' कसं म्हणणार? तिथेही 'सुखात्मिका'च बरी.