दिवे वाढवण्याआधी त्यांची जागा पाहा

प्रश्न : ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचे हिशेबतपासणीचे छोटे कार्यालय आहे. गेल्या वर्षी फॉल्स सीलिंग करून दोन बाय दोन फुटांचे एलईडी पॅनेल बसवले. उजेड भरपूर आहे, तरीही दुपारनंतर डोळे चुरचुरतात आणि पावसाळ्यात दिवसभर दिवे लावावे लागतात तेव्हा डोकेही दुखते. आणखी दोन पॅनेल बसवावेत का?

उत्तर : तूर्त बसवू नयेत. आयएस ३६४६ या भारतीय मानकात सर्वसाधारण कार्यालयासाठी ३०० ते ७५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश सुचवला आहे आणि आपल्या वर्णनावरून तेवढा तो मिळत असावा. त्रास बहुधा दिव्यांच्या जागेचा आहे. छताचा नकाशा पाहून पॅनेल सारख्या अंतरावर मांडले जातात, टेबले मागाहून येतात आणि कोणाच्या डोक्यावर कोणता दिवा येईल, याचा विचार राहूनच जातो.

बसणाऱ्याच्या किंचित पुढे, टेबलाच्या बरोबर वर असलेला दिवा सर्वांत फसवा, कारण त्याचा प्रकाश कागदावरून परावर्तित होऊन थेट डोळ्यांत येतो, अक्षरांवर पांढरट झाक चढते आणि उजेड वाढवावा तशी तीही वाढते. नेहमीच्या जागी बसून, वही ठेवता तिथे लहान आरसा सपाट ठेवावा. त्यात जो दिवा दिसेल, तो हलवायचा. बंद मॉनिटरच्या काळ्या पडद्यात पाठीमागचा दिवा दिसतो. भुवयांवर तळहाताचा आडोसा धरताच बरे वाटले, तर समोरच्या रांगेतला दिवा डोळ्यांवर येतो आहे, असे समजावे.

चौकटींच्या छतात पॅनेल आणि टाइल एकाच मापाचे असतील, तर इलेक्ट्रिशियन त्यांची अदलाबदल तोडफोडीशिवाय करू शकतो. पॅनेल टेबलांच्या दोन्ही बाजूंना, शक्यतो ये-जा करण्याच्या वाटेवर घ्यावेत. एकाच बाजूला जागा असेल, तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याला प्रकाश डावीकडून मिळावा, म्हणजे हाताची सावली लिखाणावर पडत नाही. छत जिप्समचे अखंड असेल, तर टेबले फिरवणेच स्वस्त पडते. मात्र तसे करताना खिडकी मॉनिटरच्या समोर किंवा मागे न येता बाजूला राहील, हे पाहावे. पुढे कधी नवे दिवे घ्यावे लागले, तर दुकानदाराकडे यूजीआर, म्हणजे दिव्याने डोळे किती दिपतात याचे माप, १९ किंवा त्याहून कमी असलेले मागावेत. हा आकडा जितका कमी, तितके डोळे कमी दिपतात.

आधी एकाच टेबलावर हा बदल करून आठवडाभर पाहावे. तरीही डोके दुखत राहिले, तर नेत्रतज्ज्ञांकडून चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.