१९६९ ची पद्मिनी? नावापासूनच गडबड

प्रश्न: काका नमस्कार, बाबांना पंचाहत्तरीला जुनी फियाट द्यायचीये, त्यांच्याकडे होती, मी शाळेत असताना विकली. ऑनलाइन एक सापडलीये, मुंबईची, क्रीम कलर. ‘१९६९ प्रीमियर पद्मिनी, सगळं ओरिजिनल, सिंगल ओनर’, सव्वातीन लाख सांगतोय. फोटो एकदम झकास आहेत. तो म्हणतो अजून दोघंजण मागे लागलेत, २५ हजार टोकन टाका, गाडी तुमच्यासाठी अडवून ठेवतो. मला पंधरा दिवस तरी मुंबईला जायला जमणार नाही. आरसी बुकाचा फोटो पाठवलाय पण पुसट आहे. काय काय बघू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, टोकन टाकू नका. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

१९६९ साली पद्मिनी नावाची गाडीच नव्हती हो. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून तेव्हा जी निघायची ती फियाट ११०० डिलाइट, १९६४ पासूनची, मग १९७२ ला तिचं प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि पद्मिनी हे नाव आलं १९७४ ला. आपल्याकडे सगळ्यांनाच फियाट म्हणतात त्यामुळे तो माणूस खरंच गोंधळलेला असेलही, पण हा गोंधळ नेहमी जुन्या सालाकडेच कसा काय जातो ते मला अजून कळलेलं नाही. म्हणजे कळलंय. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झाली की गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि भाव लगेच चढतो. तुमची ती गाडी समजा १९७८ ची निघाली तर पन्नाशी गाठायला २०२८ उजाडेल.

आता नंबर. या गाडीला खाली वेगळी चॅसी म्हणजे लोखंडी सांगाडा नसतो, बॉडी म्हणजेच सगळं, त्यामुळे चॅसी नंबर पत्र्यावरच पंच केलेला असतो. त्याला सांगा व्हिडिओ कॉल लाव, बॉनेट उघड, नंबरवरची धूळ-ग्रीस फडक्याने पूस, त्यावर कागद धरून पेन्सिल घास आणि तो छाप आरसीशेजारी धरून दाखव, सगळं एका दमात, कॉल न तोडता. आरटीओचे एजंट रोज हेच करतात, दोन मिनिटांचं काम आहे. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे आले पाहिजेत. एखादा आकडा तिरका, मागचा पत्रा घासून गुळगुळीत, किंवा नंबराच्या भोवती चौकोनी वेल्डिंगची कड लागली तर दुसऱ्या गाडीचा तुकडा कापून बसवलाय असं समजा, आणि मग ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. मी स्वतः एकदा नुसत्या फोटोवर भुलून १० हजार पाठवलेत, छाप मागितल्यावर समोरच्याचा फोन जो बंद झाला तो आजपर्यंत बंद आहे.

इंजिन नंबर जुळला नाही तर मात्र लगेच नाक मुरडू नका. मूळ इंजिन १०८९ सीसीचं पेट्रोल, इतक्या वर्षांत कुणी दुसरं टाकलं असेल तर त्यात पाप नाही, फक्त आरसीवर चढवलेलं हवं. तसं नसेल तर ‘सगळं ओरिजिनल’ म्हणून भाव लावू देऊ नका, एवढंच.

मुंबईची आहे म्हणजे टॅक्सी होती का हे बघायलाच लागतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३ ला रस्त्यावरून गेली, तोवर शहरात ढिगाने होत्या. क्रीम रंग वरून मारता येतो, पण दाराचं रबर ओढून त्याच्या आतली पत्र्याची कड बघा, डिकीतला गालिचा उचला, तिथे काळा-पिवळा रंग डोकावतो. जुना मीटर बाहेर डाव्या बाजूला, बॉनेटच्या कडेला बसवलेला असायचा, तिथे भोकं बुजवून पुट्टी मारलीये का ते बघा. डिकीत सीएनजी सिलेंडरच्या ब्रॅकेटच्या खुणा. गिअर स्टिअरिंगजवळ असेल तर ठीक, खाली फ्लोअरवर असेल तर ती तरी शेवटच्या काळातली, नाहीतर बदललेली.

सिंगल ओनर खरं की खोटं ते एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा, मालकाचा क्रमांक, फिटनेसची मुदत आणि कर्जाचा बोजा असेल तर तोही दिसतो. जुन्या गाड्यांची नोंद कधीकधी अर्धवट असते, म्हणून जुन्या आरसी बुकाच्या प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो मागाच, ट्रान्सफरचे शिक्के तिथेच असतात. पुसट फोटो पाठवणाऱ्याकडे बुक नसतंच असं नाही, पण मी तरी थांबलो असतो.

आणि जाताना नाशिकमधला एखादा फियाट हाताळलेला म्हातारा मिस्त्री सोबत न्या, दिवसाची मजुरी आणि वडापाव द्या. तो आधी गाडीखाली झोपून फ्लोअरचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघेल, रंगाकडे ढुंकूनही बघणार नाही.

प्रश्न: आजोबांची १९७१ ची फियाट आमच्याच नावावर आहे, कागद चालू आहेत. विंटेजमध्ये नोंदवली तर जुना नंबर जातो का? घरातल्यांना तोच नंबर हवाय.
— एक वाचक, सातारा

उत्तर: नाही जात. २०२१ च्या नियमात आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ‘व्हीए’ अक्षरांची मालिका नव्याने नोंदणाऱ्यांसाठी आहे, त्याची फी २० हजार आणि मुदत १० वर्षं. पण एक अडचण आहे बरं का, विंटेज झाली की ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुम्ही तिच्यातून रविवारी मंडईत जात असाल तर आहे तशीच राहू द्या.