नवा आराखडा नको, एक जुनी दुरुस्ती घ्या

'सांस्कृतिक वारशाचं जतन आणि मूल्यवर्धन' या विषयावर प्रबंध लिहायचाय, पण मार्गदर्शकांना तो फार मोठा वाटतो, तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या मार्गदर्शकांचं मला पटतं. हे नाव एखाद्या खात्याच्या दारावर शोभेल. प्रबंधाला ते पेलणार नाही. तुम्ही लिहिलंय की वाचायला घेतलेले निम्मे निबंध क्षार, बुरशी आणि रेझिन (वस्तू घट्ट करायला वापरतात ते राळेसारखं द्रव्य) यांचे निघाले, उरलेले अस्सलपणा म्हणजे काय याच्या चर्चेचे, आणि दोघांची गाठ कुठे पडते तेच समजेना. शिवाय मूल्यवर्धन म्हणजे शेवटी पर्यटन वाढवणंच का, हीही शंका आहे.

माझा सल्ला आधीच सांगून टाकतो. कशाचं जतन कसं करावं याचा नवा आराखडा मांडायला जाऊ नका. असे आराखडे कपाटं भरतील इतके आहेत. त्याऐवजी कुणीतरी मनापासून केलेलं एखादं जुनं जतन घ्या आणि चाळीस-पन्नास वर्षांत त्याचं काय झालं ते शोधा. तुम्हाला हवी असलेली गाठ तिथे पडते, कारण प्रत्येक दुरुस्तीत एक रसायन असतं आणि 'हे का वाचवायचं' याचं एक उत्तरही असतं. उत्तर बहुधा कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ते दुरुस्तीवरूनच ओळखावं लागतं.

अथेन्सचं पार्थेनॉन हे प्राचीन देऊळ घ्या. मूळ बांधणाऱ्यांनी संगमरवराचे चिरे लोखंडी आकड्यांनी जोडले होते, पण आकड्याभोवती शिसं ओतलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निकोलाओस बालानोस या अभियंत्याने तिथे मोठं काम काढलं. पडलेले खांब उभे केले, तुटके चिरे जोडले, आणि त्यासाठी भरपूर लोखंड वापरलं, तेही शिशाच्या आवरणाशिवाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आतून फुगणाऱ्या गंजाने संगमरवर फोडला. शेकडो वर्षं पडून राहूनही शाबूत असलेले चिरे दुरुस्तीमुळे फुटले. १९७५ मध्ये अक्रोपोलिससाठी, म्हणजे पार्थेनॉन जिच्यावर आहे त्या टेकडीवरच्या वास्तूंसाठी, समिती नेमली गेली. तेव्हापासून ते लोखंड काढून त्या जागी टायटॅनियम बसवण्याचं काम चाललं आहे. पण मला या गोष्टीतला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. बालानोसने पुष्कळ चिरे त्यांच्या मूळ जागा न पाहता, जिथे बसतील तिथे बसवले होते. म्हणजे त्याच्या लेखी मोल होतं ते दुरून दिसणाऱ्या खांबांच्या रांगेला. नंतर आलेल्यांना प्रत्येक चिऱ्याची स्वतःची जागा महत्त्वाची वाटली, म्हणून त्यांनी मापं घेऊन जागा शोधून काढल्या. धातू बदलला, आणि त्याबरोबर कशाला मोल द्यायचं हेही बदललं. प्रबंध असा या दोन्हींच्या मधे लिहायचा असतो.

स्वीडनचं 'वासा' जहाज हे दुसरं उदाहरण, आणि ते मला अजून अस्वस्थ करतं, कारण तिथे निष्काळजीपणा नव्हता. १६२८ मध्ये बुडालेलं जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढलं. पाण्याने फुगलेलं लाकूड वाळताना आक्रसून फाटतं, म्हणून त्यावर सतरा वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं, पाण्यात विरघळणारं रसायन फवारलं. मूळ खिळे केव्हाच गंजून गेले होते. त्यांच्या जागी पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट ठोकले. सगळं यशस्वी. आणि २००० सालच्या ओल्या उन्हाळ्यात लाकडावर आम्लधर्मी क्षारांचे पांढरे-पिवळे पुंजके फुटायला लागले. शोध घेतल्यावर दिसलं की बंदराच्या घाण पाण्यातल्या जीवाणूंनी तयार केलेलं गंधकाचं संयुग तीनशे वर्षांत लाकडात मुरलं होतं. आता हवा लागली, जोडीला लोखंड होतंच, आणि आतल्या आत सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ लागलं. दमट हवा आणि प्रेक्षकांची गर्दी यांनी त्या उन्हाळ्यात वातानुकूलनावर ताण आणला होता. पुढे बोल्ट बदलावे लागले. आता यातला रसायनशास्त्राचा प्रश्न कुठे संपतो आणि लोकांना जहाज जवळून दाखवण्याचा कुठे सुरू होतो, ते सांगा.

अशा गोष्टी वस्तूंच्या संग्रहातही आहेत. विद्राव्य नायलॉन हे एके काळी संवर्धकांचं लाडकं द्रव्य होतं: सुटणारा रंग, भुसभुशीत पृष्ठभाग, कशावरही लावा. नावात 'विद्राव्य' असलं तरी काही वर्षांनी ते विरघळेनासं होतं आणि धूळ धरतं, हे मागाहून कळलं. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी रंग टिकावेत म्हणून लाखेचं रोगण चढवलं. ते पिवळं पडलं, आणि ते उतरवणं हेच पुढच्या पिढ्यांचं काम होऊन बसलं. दोन्हीकडे करणारे त्या काळातले जाणकारच होते. म्हणून अशा अभ्यासात 'चूक कोणाची' हा सूर लावलात तर प्रबंध फुकट जाईल. विचारायचं ते एवढंच, की त्यांना त्या दिवशी काय माहीत होतं, काय माहीत होऊ शकलं असतं, आणि त्यांनी कशावर पैज लावली.

या सगळ्यातून 'उलटवता येणं' हे तत्त्व पुढे आलं: जे लावाल ते काढता आलं पाहिजे. तत्त्व चांगलं, पण सच्छिद्र दगडात खोलवर मुरलेलं रेझिन पूर्ण बाहेर काढून दाखवा म्हटलं तर कुणालाच जमणार नाही. त्यामुळे बरेच लोक आता नम्रपणे 'पुन्हा उपचार करता येईल अशी जागा ठेवा' एवढंच म्हणतात. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

आता मूल्याकडे. अलॉइस रीगल या व्हिएन्नाच्या कला-इतिहासकाराने १९०३ मध्ये एक निबंध लिहिला. पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी तो वाचा. त्याचं म्हणणं असं की स्मारकाचं मूल्य एक नसतं, अनेक असतात, आणि ती एकमेकांशी भांडतात. काळाच्या खुणांचं मूल्य म्हणतं, शेवाळ राहू दे, झीज दिसू दे. ऐतिहासिक मूल्य म्हणतं, आणखी झिजू देऊ नका, तो पुरावा आहे. वापराचं मूल्य म्हणतं, आधी छत गळतंय ते बघा. आणि नवेपणाचं मूल्य म्हणतं, सगळं कसं लख्ख दिसलं पाहिजे. आपला 'जीर्णोद्धार' हा शब्द या शेवटच्या मूल्याचा आहे बघा: जीर्ण झालं म्हणजे बिघडलं, त्याचा उद्धार करायचा. 'जतन' या शब्दात जीर्णपणाशी भांडण नाही. दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि निम्मे वाद तिथेच सुरू होतात.

सनदा, म्हणजे जतन कसं करावं याची तज्ज्ञांनी मान्य केलेली तत्त्वं, वाचाव्या लागतीलच. १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. ऑस्ट्रेलियाची १९७९ ची बर्रा सनद आधी महत्त्व समजून घ्या, मग हात लावा म्हणते, आणि त्या महत्त्वात सामाजिक मूल्य धरते, पुढच्या आवृत्त्यांत आध्यात्मिकही. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाची एकच मोजपट्टी सगळ्या संस्कृतींना लावता येत नाही हे मान्य केलं. जपानमधलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात बांधतात, २०१३ मध्ये ते बासष्टाव्यांदा झालं, तेव्हा अस्सल काय, लाकूड की हात? पण सनदांचा गोषवारा देण्यात पहिलं प्रकरण घालवू नका. परीक्षकांनी तो शंभरदा वाचलेला असतो.

'मूल्यवर्धन' या शब्दाबद्दल तुमची शंका रास्त आहे. मराठीत तो ऐकला की कच्च्या मालावर प्रक्रिया करून भाव वाढवणं डोळ्यांपुढे येतं. या क्षेत्रात ती कल्पना मुख्यतः इटालियन कायद्याच्या भाषेतून आली आहे. तिथल्या २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेत संरक्षण आणि मूल्यवर्धन अशी दोन वेगळी कामं सांगितली आहेत. मूल्यवर्धन म्हणजे वारशाची माहिती लोकांपर्यंत नेणं आणि त्याचा आस्वाद घेण्याची सोय चांगली करणं. आणि ते संरक्षणाला बाधा न आणता करायचं अशी अट कायद्यातच आहे. कागदावर क्रम अगदी स्वच्छ आहे: आधी राखणं, मग उलगडून दाखवणं. प्रत्यक्षात तो क्रम किती टिकतो हा संशोधनाचा विषय.

फ्रान्समधल्या लास्को या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेत तो टिकला नाही, आणि ही कथा तुमच्या विषयाला जितकी चपखल बसते तितकी दुसरी मला माहीत नाही. १९४० मध्ये सापडलेली गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. दिवसाला हजाराहून जास्त माणसं आत जाऊ लागली. माणूस आत गेला की श्वासाचा कार्बन डायऑक्साइड, घामाची वाफ आणि अंगाची ऊब घेऊन जातो. भिंतींवर हिरवं शेवाळ आलं, चुनखडीचा पांढरा थर चढू लागला. १९६३ मध्ये गुहा बंद केली. १९८३ मध्ये जवळच तिची प्रतिकृती उघडली, २०१६ मध्ये आणखी मोठी. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात: बंद गुहेतही २००१ मध्ये, हवेची यंत्रणा बदलल्यानंतर, बुरशीचा उद्रेक झाला. त्यावर जंतुनाशकं वापरली. मग काळे डाग आले, आणि संशोधकांनी दाखवलं की त्या जंतुनाशकाने गुहेतल्या सूक्ष्मजीवांचा समतोलच बदलून काही जातींना वाव दिला असावा. म्हणजे दाखवण्याने नुकसान झालं, आणि ते निस्तरण्यानेही झालं. माझा मात्र प्रतिकृतीकडे पाहण्याचा दृष्टिकोन या गुहेनेच बदलला. पूर्वी मी त्याला नकली देखावा म्हणून नाक मुरडायचो. आता वाटतं, मूळ वस्तूला न शिवता तिचं मूल्य वाढवण्याचा हा सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

पर्यटनाचा हिशेब करायचाच असेल तर माणसं मोजा, पण फक्त येणारी नको. व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटावर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. इमारती जागच्या जागी आहेत. अर्थशास्त्रज्ञांकडे लोकांना 'हे टिकावं म्हणून तुम्ही किती द्याल' असं विचारून मूल्य काढण्याची पद्धत आहे. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाजवळचा रस्ता बोगद्यातून न्यावा का, यासाठी ती वापरली गेली. तिचा एक गुण असा की जे कधीच तिथे जाणार नाहीत, पण ते असावं असं ज्यांना वाटतं, त्यांचंही मत मोजलं जातं. दोष उघड आहे: ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याचं प्रेम स्वस्त ठरतं. ही पद्धत एकटी वापरू नका. वारशाच्या अभ्यासक लॉराजेन स्मिथ यांनी २००६ मध्ये 'अधिकृत' वारसा-भाषेवर, म्हणजे वारसा काय ते तज्ज्ञ आणि संस्थांनीच ठरवायचं या बोलण्यावर, जी टीका केली, ती याच वेळी शेजारी ठेवून वाचा. कोणाला विचारलंच गेलं नाही हे शोधायची सवय लागते.

कामाची पद्धत थोडक्यात. एकच वास्तू किंवा एकच संग्रह घ्या, ज्याच्या निदान दोन दुरुस्त्यांची कागदपत्रं मिळतात. जुने फोटो ज्या जागेवरून काढलेत तिथे उभं राहून पुन्हा काढा. मोजमापाचं एखादं साधन शिकून घ्या, ओलावा मोजण्याचं असलं तरी पुरे. आणि दुरुस्ती करणाऱ्यांपैकी कोणी हयात असेल तर आधी त्यांच्याकडे जा. भिंत थांबेल, माणूस थांबत नाही.

फायलींबद्दल एक इशारा. मी एकदा एका जुन्या दगडी भिंतीच्या दुरुस्तीची नोंद महिनाभर शोधली. मिळाली ती एक ओळ: 'दरजा भरल्या, काम समाधानकारक.' प्रत्यक्ष भिंतीवर सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या, धड, टणक. आणि मधला दगड लोणा लागून बोटभर खाल्लेला. चुन्याची दरज ओल बाहेर सोडते आणि स्वतः झिजते. सिमेंट ती वाट बंद करतं, मग ओल दगडातून निघते आणि जाताना क्षार तिथेच ठेवते. ते स्फटिक वाढतात तसा दगडाचा पापुद्रा सुटतो. त्या एका ओळीतला 'समाधानकारक' हा शब्द खरा होता, फक्त तो काम संपल्यावर सहाच महिन्यांनी लिहिला होता. तुमच्या प्रबंधात तारखा या दृष्टीने तपासा: मूल्यमापन काम संपल्यावर किती दिवसांनी झालं? बहुतेक ठिकाणी उत्तर लाजिरवाणं निघतं.

आणि दुर्घटनेनंतरच्या कामाकडे दुर्लक्ष करू नका. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला २०१९ मध्ये आग लागली नसती तर भिंतींतले लोखंडी आकडे कोणाला इतके जवळून दिसले नसते. त्यांच्या अभ्यासातून कळलं की तिथे ११६० च्या दशकात, बांधकामाच्या सुरुवातीपासूनच, लोखंडाचा मोठा वापर झाला होता. पुन्हा लोखंडी आकडेच. विषय हाच घ्या असं नाही, पण धातू हा धागा धरून दोन वास्तूंची तुलना हा एक सुटसुटीत प्रबंध होऊ शकतो.

तुमची मूळ शाखा कोणती ते प्रश्नात दिसलं नाही. वास्तुकला, रसायनशास्त्र की इतिहास, आणि कोणत्या दुरुस्तीची कागदपत्रं हाताशी आहेत, एवढं कळवा. मग प्रकरणं कशी पाडायची त्यावर बोलू.