वहीतला तिसरा रकाना

"मूल चांगले हसत-बोलत असते आणि काहीही न घडता क्षणात उदास होते. हा वाचनाचा परिणाम आहे, की नैराश्याची सुरुवात?" सांगलीत विश्रामबागेतील माझ्या समुपदेशन केंद्रात येणारे पालक हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, आणि परीक्षांच्या दिवसांत तो अधिक वेळा येतो. त्याला सरसकट उत्तर देता येत नाही. परंतु ते कोठे शोधायचे, हे एका कुटुंबाच्या हकिकतीवरून दाखवता येईल. कुटुंबाच्या संमतीने ती येथे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बारावीत, कला शाखेत शिकणारी आणि संस्कृत आवडीने घेतलेली. वडील वर्षभरापूर्वी मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून लागले होते. रोज संध्याकाळी मुलगी एकाएकी गप्प होते, खोलीत जाते आणि दार लावून घेते, जेवायला बाहेर येते तेव्हा डोळे सुजलेले असतात, अशी आईची तक्रार होती. त्यातच आईच्या हाती मुलीची एक वही लागली. तिच्यात रकाने आखलेले होते: पहिल्यात पात्राचे नाव, दुसऱ्यात 'कशाने', तिसऱ्यात 'कोणाला कळले'. "मॅडम, परीक्षा तोंडावर आली आहे आणि ही रडणाऱ्या माणसांची यादी करत बसली आहे," असे म्हणून आईने ती माझ्यासमोर ठेवली. मुलीची परवानगी मिळेपर्यंत मी ती उघडली नाही.

अशा वेळी प्रथम पाहायचे ते उदासीचे वेळापत्रक. उदासी दिवसाचा बहुतेक वेळ, जवळपास रोज, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकून असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर नैराश्याच्या दृष्टीने तपासणी झालीच पाहिजे; आणि जगण्यात अर्थ नाही, स्वतःला संपवावे, असे बोलणे कधीही कानांवर आले, तर दोन आठवडे मोजत न बसता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. तोपर्यंत आधार म्हणून टेली-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते. या मुलीची झोप ठीक होती, मैत्रिणींबरोबर हसणे-खिदळणे चालू होते, सकाळचा अभ्यासही होत होता. तिची उदासी एका ठरावीक वेळी येत होती, आणि ठरावीक वेळी येणाऱ्या उदासीमागे बहुधा ठरावीक कारण असते, ज्याला आजकाल सर्रास ट्रिगर म्हटले जाते.

आईला मी एवढेच सांगितले, की काही दिवस वेळ लिहावी आणि त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत घरात काय घडले तेही लिहावे. अंदाज लिहू नये. नोंदी पाहिल्यावर दिसले, की वडील दुकानातून परतले की हे होते आणि दुकानाला सुट्टी असली की होत नाही. या नोंदीने घरात नवेच दुःख आणले. मुलगी आपल्याला घाबरते, किंवा आपण तिला नकोसे झालो आहोत, असे वडिलांनी ठरवून टाकले. ते अभ्यासाचे विचारायचे बंद झाले, तिच्या समोर येणेही टाळू लागले, तरी काही बदलले नाही. योग्य नोंदीवरूनही चुकीचा निष्कर्ष निघतो, तो असा.

मुलीशी बोलताना मी तिच्याविषयी विचारले नाही, वहीविषयी विचारले. सतरा वर्षांच्या मुलीला 'तुला कशाचे वाईट वाटते' असे थेट विचारले, तर 'कशाचे नाही' हेच उत्तर मिळते. मात्र दुष्यंताला कशाचे वाईट वाटले, यावर ती अर्धा तास बोलू शकते. तिनेच वही उघडून दाखवली. 'मेघदूता'तला, मेघ पाहून व्याकूळ होणारा यक्ष त्या वहीत होता. पंचवटीच्या परिसरात जुन्या खुणा दिसताच मूर्च्छित होणारा, भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकातला राम होता, आणि त्याच्या तिसऱ्या रकान्यात 'अदृश्य सीतेला' असे लिहिले होते. कालिदासाच्या दुष्यंतावर तिने सर्वांत अधिक लिहिले होते. 'शाकुंतल' नाटकाच्या पाचव्या अंकाच्या आरंभी पडद्याआडून हंसपदिका या त्याच्या एका राणीचे गाणे ऐकू येते आणि राजा अस्वस्थ होतो. शकुंतलेची आठवण दुर्वासांच्या शापाने पुसली गेली आहे. त्यामुळे प्रिय माणसाचा विरह नसताना मन असे का झाले, हे त्याचे त्यालाच कळत नाही, आणि मागच्या जन्मीचे काही स्नेहबंध मनात जागे होत असावेत, असा तर्क तो करतो. त्या क्षणी जवळचा विदूषकही तेथे नसतो, कारण राजानेच त्याला हंसपदिकेची समजूत घालायला पाठवलेले असते. तिसऱ्या रकान्यात मुलीने लिहिले होते: 'कोणालाच नाही. फक्त प्रेक्षकांना.'

मुलांना सरसकट 'दुःखी वाचन' बंद करायला लावणाऱ्या पालकांनी या नोंदीचा विचार करावा, असे मला वाटते. या मुलीला पुस्तकांनी उदास केले नव्हते; स्वतःला जे होते आहे ते आणखी कोणाला झाले होते का, याचा ती पुस्तकांत शोध घेत होती, आणि तो शोध बऱ्यापैकी शिस्तीने चालला होता. यातली एखादी ओळ तुझ्या जवळची आहे का, असे मी विचारले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांच्या शर्टाला हळदीचा वास येतो."

दोन वर्षांपूर्वी ती दहावीला होती. वाळवा तालुक्यातील गावी तिचे आजोबा, तिचे आबा, हळद करीत. दरवर्षी हळद शिजवण्याच्या वेळी ती खळ्यावर राहायला जाई; वाफेचा तो मातकट, उग्र वास आणि वाळत घातलेली हळकुंडे आबांबरोबर हलवणे, हे तिचे ठरलेले होते. त्या वर्षी आबांनी दोनदा निरोप पाठवला आणि परीक्षेमुळे ती गेली नाही. पावसाळ्यात आबा वारले. शेत वाट्याने दिले गेले. पुढे वडिलांनी अडतीत नोकरी धरली, आणि सौद्यांचा हंगाम भरात आला की तो वास रोज संध्याकाळी घरात येऊ लागला. यंदा पुन्हा तेच महिने होते आणि पुन्हा बोर्डाची परीक्षा होती.

हे ऐकल्यावर वडिलांनी पहिली शंका काढली ती व्यवहारी होती: अडतीत येते ती वाळलेली हळद, तिचा वास शिजणाऱ्या हळदीसारखा कोठे असतो? शंका योग्य आहे. पण मन हुबेहूब खूण मागत नाही, साधर्म्य त्याला पुरते. शिवाय वासाचा मार्ग इतर संवेदनांहून वेगळा आहे. दृश्य आणि ध्वनी मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचे संदेश मात्र त्या टप्प्यावर न थांबता भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागापर्यंत पोहोचतात. म्हणूनच 'हा कशाचा वास' हे ओळखण्यापूर्वीच डोळे भरून येऊ शकतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की काही कारण नसताना मूल रडले.

दुसरी शंका आईची होती. रोज येणाऱ्या वासाची एव्हाना सवय का झाली नाही? याचे उत्तर बंद दाराशी होते. नको असलेल्या खुणेपासून आपण लगेच दूर गेलो, की त्या क्षणी बरे वाटते आणि दूर जाणे हाच उपाय आहे, असे मन शिकते. त्या खुणेजवळ थांबून दुःखाची लाट चढते आणि ओसरतेही, हा अनुभव त्याला मिळतच नाही. मुलगी रोज पहिल्याच मिनिटाला खोलीत जात होती, त्यामुळे सवय होण्याइतका वेळ तिने तो वास कधी घेतलाच नव्हता.

वडिलांनी तत्काळ उपाय सुचवला: दुकानातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी येतो. त्यामागची माया मला दिसत होती, तरी मी नको म्हटले. याचेही कारण वहीत होते. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस, स्वतः ट्रॉयच्या युद्धात लढलेला, परक्या राजाच्या दरबारात ओळख न देता त्या युद्धाचे गाणे ऐकतो आणि अंगरख्यात तोंड लपवून रडतो. राजा अल्किनूस शेजारी असल्याने त्याच्या एकट्याच्या ते लक्षात येते. तो काही न विचारता गाणे थांबवतो आणि सर्वांना मैदानी खेळांकडे नेतो. हे सौजन्य आहे, पण त्याने काही सुटत नाही. रात्री ओडिसियस स्वतःच त्या युद्धातील लाकडी घोड्याचे गाणे गायला सांगतो आणि पुन्हा रडतो. या वेळी राजा गाणे थांबवतो आणि विचारतोही: तू कोण आहेस, ट्रॉयचे नाव निघाले की तू का रडतोस? तेव्हा कोठे ओडिसियस आपली कहाणी सांगू लागतो. मुलीने तिसऱ्या रकान्यात राजाचे नाव लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. अंघोळ करून घरी येणे म्हणजे पहिल्या वेळचा अल्किनूस. गरज दुसऱ्या वेळच्या अल्किनूसची होती.

ठरले ते असे. वडिलांनी नेहमीच्याच शर्टात यावे. मुलीने लगेच खोलीत न जाता, जमेल तेवढा वेळ, चहा होईपर्यंत तरी, पडवीत त्यांच्याजवळ बसावे. फारच असह्य झाले तर उठून जाण्याची मोकळीक असावी, मात्र जाताना 'आज फार होते आहे' एवढे सांगावे. वडिलांनी 'रडू नकोस' म्हणू नये, आबांविषयी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर ऐकून घ्यावे. पहिल्या आठवड्यात ती दोनदा मध्येच उठून गेली. नंतर बसू लागली, रडत का होईना. आणि निरोप येऊनही आपण गेलो नाही, हे तिने वडिलांना तेथेच सांगितले. आबांनी तो निरोप पाठवताना 'परीक्षा असेल तर राहू दे' असेही म्हटले होते, हे तिच्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते. वडील ते सांगायचे विसरले होते.

उदासी पूर्ण गेली, असे मी म्हणणार नाही. सौद्यांच्या दिवसांत ती अजूनही थोडी गप्प होते, परंतु दार बंद होत नाही, आणि परीक्षा तिने व्यवस्थित दिली. पुस्तके काढून घेऊ नयेत, हे आईला पटायला थोडा वेळ लागला. वही मात्र मुलीने स्वतःहून तिला वाचायला दिली.

शेवटच्या भेटीत वडील मागे रेंगाळले. आबा त्यांचे वडील होते, आणि या दोन वर्षांत त्याविषयी त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मुलीच्याच फाईलमध्ये लिहून घ्याल का, असे त्यांनी विचारले. मी वेगळी फाईल केली आणि पुढच्या गुरुवारची वेळ दिली.