चार्जर जोडला आहे, तरी बॅटरी चार्ज का होत नाही?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीच पत्रे लॅपटॉपच्या चार्जिंगविषयी असल्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. एक पत्र मात्र क्रम मोडून सर्वांत आधी घेत आहे, कारण त्यातली बाब वाट पाहण्यासारखी नाही.

प्रश्न : चार-पाच दिवसांपासून माझ्या लॅपटॉपची बॅटरी चार्ज होत नाही. त्याच सुमारास टचपॅड एका बाजूने किंचित वर आला आहे आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल का?

उत्तर : संबंध जवळजवळ निश्चित आहे. तुमची बॅटरी फुगली असावी. लिथियम-आयन सेलमधील इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे आतल्या रासायनिक द्रवाचे, विघटन होऊ लागले की वायू तयार होतो. लॅपटॉपमधले पातळ सेल पिशवीसारख्या वेष्टनात बंद असल्यामुळे तो वायू आतच कोंडतो आणि फुगलेली बॅटरी वर टचपॅडला व खाली झाकणाला रेटू लागते. चार्जर आत्ताच काढा आणि लॅपटॉप बंद करा. फायली उतरवून घेण्याच्या घाईत तो पुन्हा चार्जरला लावू नका. फायली डिस्कवर असतात आणि बॅटरी काढल्याने त्या जात नाहीत. वर आलेला भाग दाबून बसवणे, फुगवटा सुईने टोचून वायू काढणे असले उपाय कोणीही सुचवले तरी करू नका, कारण आतले थर एकमेकांना टेकले की आग लागू शकते. लॅपटॉप कागद, कापड, गादी यांपासून दूर, टणक आणि न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा आणि बॅटरी जाणकार माणसाकडूनच काढून घ्या. तिच्यातून धूर किंवा फसफस येऊ लागली, तर तिला हात न लावता खोलीबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्या. या बॅटरीने चार्ज घेणे थांबवले आहे ही तिची तक्रार समजू नका. त्या अवस्थेत तिने चार्ज न घेणेच तुमच्या हिताचे आहे.

प्रश्न : माझा लॅपटॉप पाच वर्षांचा आहे. चार्जर लावला की तो व्यवस्थित चालतो, परंतु बॅटरीच्या चिन्हावर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असे दिसते आणि आकडा २३ टक्क्यांवर अडकून राहतो. दुरुस्ती करणाऱ्याने लॅपटॉप न उघडताच नवीन बॅटरी घ्यायला सांगितले. बॅटरीच गेली असेल का?

उत्तर : गेली असेलही, परंतु तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तसे सिद्ध होत नाही, आणि सिद्ध झाल्याशिवाय बॅटरी विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये वीज पोहोचते आहे, नाहीतर तो चालला नसता. प्रश्न असा आहे की ती वीज बॅटरीत का जात नाही. हा निर्णय विंडोज घेत नाही. मदरबोर्डवरचा, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट-पट्टीवरचा, नियंत्रक आणि बॅटरीच्या आत बसवलेले स्वतंत्र सर्किट हे दोघे मिळून तो घेतात. चार्जर पुरेशा क्षमतेचा आहे का, बॅटरीचे तापमान योग्य आहे का, प्रत्येक सेलचा व्होल्टेज मर्यादेत आहे का, मालकाने चार्जिंगवर काही मर्यादा घातली आहे का, हे सर्व पाहून चार्जिंग सुरू होते. यांपैकी एकाही ठिकाणी शंका आली की नकार मिळतो. म्हणून आपले काम नकार कोणाचा आहे हे शोधण्याचे आहे.

पहिला संशय चार्जरवर घ्यावा, तो चालतो असे दिसत असले तरीही. अनेक लॅपटॉपच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक टोक असते. त्यातून मुख्य वीज जात नाही. हा चार्जर किती वॅटचा आहे ही ओळख तेवढी त्यातून लॅपटॉपला मिळते. वायर पिनेजवळ वारंवार दुमडली जाते, आणि तिथली ती बारीक तार तुटली किंवा टोक वाकले की वीज येत राहते पण ओळख पटत नाही. मग नियंत्रक सावधपणे लॅपटॉप चालू ठेवतो, बऱ्याचदा त्याचा वेगही कमी करतो, आणि बॅटरीला मात्र काहीच देत नाही. तुम्ही वर्णन केलेले लक्षण हुबेहूब हेच आहे. लॅपटॉप सुरू होताना चार्जर ओळखता आला नाही अशी सूचना क्षणभर दिसते का, हे पाहा. बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावरही पुष्कळ कंपन्या चार्जरचे वॅट दाखवतात. तिथे आकड्याऐवजी ‘अननोन’ लिहिलेले असेल, तर बॅटरीला दोष देण्याचे कारण उरत नाही.

चार्जरच्या मागचे लेबलही नीट वाचा. त्यावर ‘आउटपुट’ या शब्दापुढे १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असे काही लिहिलेले असते. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. या उदाहरणात सुमारे ६५. व्होल्टचा आकडा लॅपटॉपच्या मागणीशी जुळला पाहिजे, अँपिअर मात्र मागणीइतके किंवा अधिक चालतात. घरात दोन लॅपटॉप असले आणि ४५ वॅटचा चार्जर ६५ वॅटच्या यंत्राला लागला, तर चालू असताना सगळी वीज यंत्रच खाऊन टाकते आणि बॅटरी कोरडी राहते.

यानंतर एक चाचणी करा, जिला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर लावा, अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा आणि मग आकडा पाहा. बंद अवस्थेत बॅटरी चढली, तर बॅटरी आणि चार्जिंगचे सर्किट दोन्ही काम करत आहेत आणि दोष चार्जरच्या अपुऱ्या क्षमतेत, अतिउष्णतेत किंवा एखाद्या सेटिंगमध्ये आहे. बंद असतानाही आकडा हलला नाही, तर विंडोज निर्दोष आहे, कारण त्या वेळी विंडोज चालूच नव्हते.

मदरबोर्डवरचा नियंत्रक नेहमीप्रमाणे लॅपटॉप बंद केल्याने पुन्हा सुरू होत नाही, कारण त्याला वीज सतत मिळत असते. त्यामुळे त्याच्यात अडकलेली एखादी चुकीची स्थिती आठवडेच्या आठवडे टिकते. ती घालवण्यासाठी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरा. नंतर बॅटरी बसवून चार्जर लावा. बॅटरी आत बसवलेली असेल, तर काही मॉडेलांमध्ये तळाशी त्यासाठी बारीक छिद्र असते, काहींत बायोसमध्ये बॅटरी तात्पुरती तोडण्याचा पर्याय असतो.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे यंत्राच्या भागांच्या यादीत, ‘बॅटरीज’ या शीर्षकाखालची ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ ही नोंद अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा सुरू करण्याचा उपाय तुम्हाला सगळीकडे सांगितला जाईल. तो निरुपद्रवी आहे, कारण ती नोंद आपोआप परत येते. एकदा करून पाहा. गुण आला नाही तर पुन्हापुन्हा करण्यात अर्थ नाही.

आता बॅटरीकडे वळू. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजला लिहून आज्ञा देण्याची खिडकी, उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि रेघेला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे एकाच ओळीत लिहून एंटर दाबले की एक अहवाल तयार होतो आणि तो कोठे ठेवला आहे तेही पडद्यावर दिसते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ४८,००० आणि आजची २१,००० मिलिवॅट-तास असेल, तर बॅटरी निम्म्याहून खाली आली आहे, आणि पाच वर्षांच्या वापरानंतर त्यात आश्चर्य नाही. तथापि येथे एक गफलत सर्रास होते. झिजलेली बॅटरी लवकर भरते आणि लवकर संपते. ती चार्ज घेण्यास नकार देतेच असे नाही. क्षमता कमी दिसली म्हणून चार्ज न होण्याचे कारण सापडले, असा निष्कर्ष काढू नका.

बॅटरीचा स्वतःचा नकार वेगळ्या कारणांनी येतो. तुमच्या बॅटरीत बहुधा तीन सेल एकामागोमाग जोडलेले असतील, आणि प्रत्येक सेलला सर्वसाधारणपणे ४.२ व्होल्टच्या वर नेता येत नाही. एक सेल इतरांच्या मानाने दुबळा झाला की चार्ज होताना तो लवकर मर्यादा गाठतो आणि आतले सर्किट सगळ्या बॅटरीचे चार्जिंग थांबवते. तापमानाचेही तसेच आहे. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचू लागते, म्हणून थंडीत चार्जिंग रोखले जाते, आणि साधारण ४५ अंशांच्या वर ते उष्णतेमुळे रोखले जाते. लॅपटॉप पांघरुणावर ठेवून वापरत असाल किंवा पंख्याच्या जाळीत धूळ बसली असेल, तर तेवढ्यानेही ही वेळ येते.

शेवटची पायरी अदलाबदलीची. त्याच क्षमतेचा, चांगला चालणारा दुसरा चार्जर लावून पाहा. त्यानेही फरक पडला नाही, तर कंपनीने दिलेल्या निदान-चाचणीतून बॅटरी तपासा. चांगला चार्जर आणि चांगली बॅटरी असूनही चार्जिंग सुरू होत नसेल, तर दोष चार्जिंगच्या जॅकमध्ये किंवा मदरबोर्डवरच्या चार्जिंग सर्किटमध्ये आहे, आणि अशा वेळी नवीन बॅटरी घेतली असती तर तीही २३ टक्क्यांवर बसून राहिली असती. जॅक हलवल्यावर चार्जिंगचे चिन्ह येत-जात असेल, तर तपासणीची सुरुवात तिथूनच करायला सांगा.

प्रश्न : माझी बॅटरी रोज ८० टक्क्यांवर थांबते. हा बिघाड आहे का?

उत्तर : नाही. बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली तर सेल लवकर झिजतात, म्हणून अनेक कंपन्या ६० किंवा ८० टक्क्यांची मर्यादा देतात, आणि ती कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये सापडते. दिवसभर चार्जरवर काम करत असाल तर ती तशीच राहू द्या. प्रवासाच्या आदल्या रात्री काढा.

प्रश्न : सात महिने कपाटात पडून असलेला लॅपटॉप काढला, तर बॅटरी शून्यावर आहे आणि चार्जच होत नाही. ओळखीच्या एकाने बाहेरून थेट वीज देऊन तिला जागे करता येईल असे सांगितले आहे. करावे का?

उत्तर : करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लॅपटॉप बंद असला तरी नियंत्रक आणि बॅटरीचे सर्किट थोडी थोडी वीज घेत असतात, आणि सेल स्वतःहूनही हळूहळू उतरतात. साधारण ३ व्होल्ट ही सेलची खालची सुरक्षित मर्यादा मानली जाते. त्याच्या बरेच खाली सेल राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातील तांबे विरघळू लागते, आणि पुढे चार्ज करताना ते भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. बॅटरीचे सर्किट कायमचा नकार देते ते नेमके यासाठीच. बाहेरून थेट वीज देणे म्हणजे हा पहारा हटवणे होय.

सुरक्षित मार्ग एवढाच आहे की मूळ चार्जर लावून लॅपटॉप बंद अवस्थेत, तुमच्या नजरेसमोर, दोन-तीन तास ठेवावा. सेल फार खाली गेलेले नसतील, तर सर्किट आधी अगदी कमी प्रवाह देऊन त्यांची परीक्षा घेते आणि मगच नेहमीचे चार्जिंग सुरू करते. तेवढ्यात काही झाले नाही तर ती बॅटरी बदला. यापुढे लॅपटॉप दीर्घकाळ ठेवायचा असेल, तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून, पूर्ण बंद करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहत जा.

प्रश्न : लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे. फोनचा चार्जर त्यात बसतो, पण बॅटरी वाढत नाही.

उत्तर : पिन बसणे आणि वीज पुरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. टाइप-सी चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसांत ठरवतात की ५, ९, १५ की २० व्होल्ट घ्यायचे. फोनच्या अनेक चार्जरांची मजल लॅपटॉपच्या गरजेपर्यंत जात नाही. केबलही तपासा : साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतच नेते, त्याहून अधिक हवे असेल तर ५ अँपिअरची, ओळख-चिप असलेली केबल लागते. शिवाय प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंगसाठी असतोच असे नाही, काही केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. पोर्टजवळचे चिन्ह किंवा माहितीपुस्तिका पाहून खात्री करा.

प्रश्न : नवीन बॅटरी बसवली, तरी चार्ज होत नाही. जुन्या बॅटरीवर १०.८ व्होल्ट होते, नवीनवर ११.१ आहेत. याचाच दोष असेल का?

उत्तर : बहुधा नाही. हे दोन्ही आकडे तीन सेलच्या बॅटरीचेच आहेत. एका सेलचा सरासरी व्होल्टेज कोणी ३.६ धरतो, कोणी ३.७. जुनी १०.८ आणि नवीन १४.८ असती, तर मात्र ती तुमच्या लॅपटॉपची नाही असे म्हणावे लागले असते. बॅटरीवरचा पार्ट क्रमांक जुन्याशी अक्षरशः जुळतो का, आतल्या जोडणीची पट्टी पूर्ण बसली आहे का, हे पाहा. काही लॅपटॉप बॅटरीच्या चिपची ओळख विचारतात आणि ती पटली नाही तर तिला चार्ज करत नाहीत. बायोसमध्ये बॅटरीची नोंद दिसते का, यावरून ते कळेल. नोंद दिसत नसेल, तर बॅटरी परत करण्याची मुदत संपण्याआधी ती परत द्या. नोंद दिसत असेल, तर वर सांगितलेली बंद अवस्थेतली चाचणी करा, आणि तरीही आकडा हलला नाही तर चार्जर आणि मदरबोर्ड तपासून घ्या, कारण तुमची जुनी बॅटरीही कदाचित निर्दोषच होती. ती अजून टाकून दिली नसेल, आणि ती फुगलेली नसेल, तर तूर्त जपून ठेवा.