ब्रिटनची स्टेट पेन्शन सुरू झाल्यावर कायमचं भारतात परतलं, तर ती दरवर्षी वाढते का?

तुम्ही विचारलंय की कॉव्हेंट्रीत एकतीस वर्षं नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) भरला, पुढच्या वर्षी स्टेट पेन्शन, म्हणजे त्या वर्गणीवर मिळणारी सरकारी पेन्शन, सुरू होईल, आणि मग दोघांचा नाशिकला कायमचं जायचा विचार आहे. तिथे गेल्यावर पेन्शन गोठते हे खरं का, पेन्शन उशिरा घेतली तर त्यातून सुटका होते का, आणि अधूनमधून ब्रिटनला येऊन राहिलं तर चालेल का.

खरं आहे. पेन्शन बंद होत नाही. नाशिकच्या बँकेतसुद्धा आयुष्यभर येत राहते. पण तुम्ही कायमचे भारतात गेलात की त्या दिवशी जो आकडा असेल, तोच पुढे दहा वर्षांनी आणि वीस वर्षांनीही. तिथे गेल्यावर पेन्शन चालू केलीत, तर जो आकडा पहिल्यांदा ठरेल तो कायमचा. तुमचा पासपोर्ट कुठल्या रंगाचा आहे, किती वर्षं कर भरलात, याचा संबंध नाही. राहता कुठे, एवढंच बघतात.

वाढ मिळते ती ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना, युरोपीय संघातल्या देशांत, नॉर्वे-आइसलँडसारख्या शेजाऱ्यांकडे आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांना, आणि ज्या देशांशी ब्रिटनचा तसा सामाजिक सुरक्षा करार आहे तिथल्यांना. त्या करारांच्या यादीत अमेरिका आहे, तुर्कस्तान, इस्रायल, फिलिपिन्स, जमैका, बार्बाडोस, मॉरिशस आहे. भारत नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान, हेही नाहीत. म्हणजे लेस्टरमध्ये एकाच कारखान्यात नोकरी केलेले दोघे, एक मॉरिशसला गेला आणि एक महाराष्ट्रात, तर पहिल्याची पेन्शन दर एप्रिलला वाढणार, दुसऱ्याची नाही. मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे हे उदाहरण मला फार टोचतं. दोघांनी भरलेला नॅशनल इन्शुरन्स पै न पै सारखाच.

आकडे बघा. नवी स्टेट पेन्शन एप्रिल 2016 मध्ये आली तेव्हा पूर्ण दर आठवड्याला 155.65 पौंड होता. एप्रिल 2026 पासून तो 241.30 आहे. ज्याने 2016 साली पूर्ण पेन्शन घेऊन पुणं गाठलं त्याला आजही 155.65 च मिळतात. वर्षाचा फरक साडेचार हजार पौंडांच्या जवळपास जातो. मधल्या दोन वर्षांत वाढही मोठी झाली होती, 2023 ला महागाईमुळे 10.1 टक्के आणि 2024 ला पगारवाढीच्या दरामुळे 8.5 टक्के. ब्रिटनमध्ये ज्यांना ती मिळाली त्यांना ती महागाईला पुरली की नाही हा वेगळा विषय, पण गोठलेल्यांना त्यातला एक पेनीही नाही.

आता माझ्या मावशीचं सांगते, कारण पहिली काही वर्षं हे कळतच नाही, ते तिच्याकडे बघून नीट समजतं. ती लेस्टरला सरकारी हॉस्पिटलात नर्स होती. 2010 साली निवृत्त होऊन सांगलीला गेली. तेव्हा जुनी पद्धत होती. पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला 97.65, म्हणजे दर चार आठवड्यांनी 390.60 पौंड. ती एक लाल कापडी पाठीची वही ठेवते. डाव्या पानावर स्टेट पेन्शन, उजव्या पानावर हॉस्पिटलच्या नोकरीची एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) पेन्शन, आणि प्रत्येक ओळीत आधी पौंड, मग खात्यात पडलेले रुपये. उजव्या पानावरचे पौंड दरवर्षी वाढलेले दिसतात, कारण एनएचएस पेन्शनला महागाईची वाढ तुम्ही कुठल्याही देशात राहिलात तरी मिळते. डाव्या पानावर वरपासून खालपर्यंत 390.60, 390.60, 390.60. तिच्याच बरोबरीची मैत्रीण लेस्टरलाच राहिली, तिची बेसिक पेन्शन आता चार आठवड्यांना 739.60 आहे.

पण डाव्या पानावरचा रुपयांचा रकाना मात्र वाढत गेला. 2010 मध्ये पौंड सत्तरच्या आसपास होता, आता शंभराच्या बराच पुढे आहे. त्यामुळे कितीतरी वर्षं मावशी म्हणायची, "अगं, वाढतेय की माझी पेन्शन." वाढत होता तो पौंडाचा भाव, पेन्शन नव्हे. आणि तो भाव कुणाच्या हातात नाही. दरम्यान सांगलीत कामवाल्या मावशींचा पगार, औषधं, आरोग्य विम्याचा हप्ता, सगळं त्याहून जोरात वाढलं. पासष्टीला माणूस धडधाकट असतो, तेव्हा हा फरक जाणवत नाही. खरी गरज लागते ती ऐंशीच्या पुढे, दिवसरात्र माणूस ठेवावा लागतो तेव्हा. आणि नेमकी तेव्हाच गोठलेली पेन्शन सर्वांत तुटपुंजी झालेली असते. तुमचा हिशेब करताना हे डोळ्यांसमोर ठेवा. दरवर्षी अडीच टक्केच वाढ धरली तरी आजचे 241 पौंड वीस वर्षांनी 395 होतात. तुम्ही तेव्हाही 241 वरच असाल.

तुमचा दुसरा प्रश्न, पेन्शन उशिरा घेण्याचा. बऱ्याच जणांना वाटतं की भारतात जाऊन पाच वर्षं पेन्शन घ्यायचीच नाही, मग त्या वेळच्या दराने चालू करायची. असं होत नाही. पेन्शन लांबवल्याबद्दल दर नऊ आठवड्यांना एक टक्का, म्हणजे वर्षाला साधारण 5.8 टक्के जास्त मिळतात हे खरं. पण पेन्शन न वाढणाऱ्या देशात राहत असाल तर तो हिशेब तुमचं पेन्शनचं वय झालं तेव्हाच्या किंवा तुम्ही ब्रिटन सोडलंत तेव्हाच्या दरावर करतात. मधल्या वाढी त्यात येत नाहीत, पुढेही येत नाहीत. ब्रिटनमध्येच राहून लांबवली तर गोष्ट वेगळी.

तिसरा प्रश्न, जाऊन-येऊन राहण्याचा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. घर, संसार, सगळं ब्रिटनमध्ये आहे आणि हिवाळ्यात तीन-चार महिने नाशिकला जाता, असं असेल तर तुम्ही ब्रिटनचेच रहिवासी आणि वाढ मिळत राहते. पण कॉव्हेंट्रीचं घर विकलं, नाशिकला फ्लॅट घेतला आणि वर्षातून एकदा मुलाकडे आलात, तर तुम्ही भारताचे रहिवासी. लोक 183 दिवसांचा आकडा सांगतात, तो कराच्या नियमातला आहे. पेन्शनसाठी तुमचा मुक्काम खरोखर कुठे आहे हे सगळी परिस्थिती बघून ठरतं. मुलाचा पत्ता देऊन ब्रिटनमध्येच राहतो असं भासवायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. ती फसवणूक ठरते, दिलेले पैसे वसूल करतात, आणि या वयात तो ताप कुणालाही नको.

भेटीला आलात तर मात्र एक हक्क आहे जो फार कमी जणांना माहीत असतो. ब्रिटनमध्ये असेपर्यंतच्या काळासाठी चालू दराने पेन्शन मागता येते. त्यासाठी इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला कळवावं लागतं. मावशी लेकीच्या बाळंतपणाला आली तेव्हा तिने हे केलं होतं. परत गेल्यावर आकडा पुन्हा जुना झाला. आणि कायमचे ब्रिटनला परत आलात तर पेन्शन पूर्ण चालू दरावर येते, पण मागच्या वर्षांची थकबाकी मिळत नाही. तसंच, पुढे मुलीकडे न्यू जर्सीला कायमचं राहायला गेलात तर तिथेही चालू दर आणि दरवर्षीची वाढ सुरू होते.

म्हणून एक गोष्ट निक्षून सांगते. परत यायचा रस्ता बंद करू नका. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आणि ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना असेल, तर सलग दोन वर्षं ब्रिटनबाहेर राहिल्यावर तो परवाना संपतो. मग परत येऊन गोठलेली पेन्शन सोडवायचा मार्गही गेला, आणि परत आल्यावर मिळणारी एनएचएसची सेवाही. जायच्या आधी ब्रिटिश नागरिकत्व घेऊन ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारतात राहण्यासाठी मिळणारं कार्ड) काढण्याचा विचार जरूर करा.

2025 साली भारत-ब्रिटन व्यापार करार झाला, त्याबरोबर सामाजिक सुरक्षेचाही करार ठरला, म्हणून आता पेन्शन वाढणार, असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. तो करार कंपनीने तात्पुरतं दुसऱ्या देशात पाठवलेल्या कर्मचाऱ्यांनी दोन्हीकडे वर्गणी भरू नये एवढ्यासाठी आहे. निवृत्तांच्या वाढीशी त्याचा काही संबंध नाही.

कोर्टात हा लढा होऊन गेला आहे. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या अ‍ॅनेट कार्सन यांची बेसिक पेन्शन 2000 साली आठवड्याला 67.50 पौंडांवर गोठली. त्या ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवर, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये 2005 ला हरल्या आणि मार्च 2010 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही अकरा विरुद्ध सहा मतांनी हरल्या. ऑस्ट्रेलियाने तर याच कारणावरून 2001 मध्ये ब्रिटनशी असलेला आपला सामाजिक सुरक्षा करारच मोडला. जगभरात साडेचार-पाच लाख लोक या गोठणीत आहेत आणि सरकारचं उत्तर एकच, खर्च परवडत नाही. माझ्या मते हा सरळ अन्याय आहे. कॅनडाच्या नायगारा फॉल्स गावात राहणाऱ्याला वाढ नाही आणि नदीपलीकडे अमेरिकेत राहणाऱ्याला आहे, याला कुठला न्याय म्हणायचं? एंड फ्रोझन पेन्शन्स नावाची मोहीम चालू आहे, तुमच्या खासदाराला पत्र जरूर लिहा. पण नियम बदलेल असं धरून घर विकू नका.

आता निघायच्या आधीची कामं. सरकारी संकेतस्थळावर दोघांचाही स्टेट पेन्शनचा अंदाज काढा. पूर्ण पेन्शनला पस्तीस वर्षं लागतात, काहीच मिळायला किमान दहा. 2016 च्या आधीच्या नोकऱ्यांमुळे प्रत्येकाचा हिशेब थोडा वेगळा असतो, म्हणून तो अंदाज बघितल्याशिवाय पैसे भरू नका. पण वर्षं कमी पडत असतील आणि भरून उपयोग होत असेल, तर एका वर्षाला नऊशे पौंडांच्या वर काही जातात आणि त्या बदल्यात आठवड्याला 6.89 पौंडांपर्यंत वाढ मिळते. ती रक्कम गोठली तरी तीन वर्षांच्या आत वसूल होते. वहिनींची वर्षं कमी असतील तर त्यांच्याकडे आधी बघा. आपल्याकडे बायकांचा हिशेब नेहमी शेवटी काढतात.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघू नका. नवा दर एप्रिलच्या सुरुवातीला लागू होतो. तो हातात पडल्यावर, तुमची पेन्शन सुरू झालेली असताना निघालात, तर निदान त्या वर्षीची वाढ धरून आकडा गोठेल, आणि तो फरक आयुष्यभर पुरेल.

तिकडे गेल्यावर पत्ता बदलला की लगेच कळवा. ब्रिटनकडून पोस्टाने हयातीचा दाखला येतो, तो साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवावा लागतो. नाही पोचला तर पेन्शन थांबवतात. भारतीय पेन्शनवाले नोव्हेंबरमध्ये बँकेत जो दाखला देतात तो इथे चालत नाही, त्यांचाच कागद लागतो. पोस्टमनला आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा की ब्रिटनहून आलेलं पाकीट कुठे दुसरीकडे जाऊ देऊ नका. पेन्शन दर चार किंवा तेरा आठवड्यांनी घेता येते. ब्रिटनमधलं खातं चालू ठेवता आलं तर पैसे तिथे जमा करून भाव बघून आणता येतात.

तुमचा अंदाज आणि एनएचएस, कौन्सिल किंवा कंपनीची दुसरी काही पेन्शन असेल तर तिचे नियम इथे खाली लिहा. ती पेन्शन वाढणारी असेल तर नाशिकचा हिशेब खूप वेगळा निघू शकतो, आणि तो मी तुमच्याबरोबर बसून मांडायला तयार आहे.