ते काम आधी कोण करत होतं?

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची तिन्ही प्रकरणं वाचली, सोबतची चिठ्ठीही वाचली. राज्यात जादू असेल तर तिथे बंदूक यावी का, वाफेचं इंजिन यावं का, असं तू विचारलं आहेस. एकाने तुला सांगितलं की जादूच्या जगात यंत्रं शोभत नाहीत. दुसऱ्याने सांगितलं की हजार वर्षं काहीच न बदललेलं जग कुणाला पटणार नाही. दोघांचं ऐकून तू लिहायचीच थांबलीस, हे मात्र मला मुळीच आवडलेलं नाही. काय शोभतं नि काय नाही, हा प्रश्न बाजूला ठेव. जादूचा प्रत्येक प्रयोग लिहिताना एवढंच विचार: ते काम आधी कोण करत होतं?

दुसऱ्या प्रकरणात तुझी जादूगारीण चुटकी वाजवते आणि तटावरचे सगळे दिवे एकदम पेटतात. तेल नाही, वात नाही, आणि रात्रभर उजेड. प्रसंग सुंदर उतरला आहे, पण पुढच्याच ओळीत तू राजकन्येकडे वळलीस आणि मी तिथेच अडकून बसलो. रोज संध्याकाळी शिडी आणि तेलाची बुधली घेऊन तटावर चढणारा एक माणूस असणार. त्याच्या मागे तेली. डोळ्यांना झापड बांधलेला बैल, घाण्याच्या उखळात करकरत फिरणारी लाकडी लाट, खाली झिरपणारं तेल आणि मागे उरणारी पेंड. ती पेंड गुरांच्या पुढ्यात जाते. उद्या हे दिवे नगरभर लागले की तेलाला गिऱ्हाईक राहील ते फक्त स्वयंपाकापुरतं. निम्मे घाणे बंद पडतील. पेंड महागेल, गुरांचं दूध आटेल, गळिताचं पीक घेणारा शेतकरी दुसरं काहीतरी पेरू लागेल. राजाची तेलावरची जकात बुडेल आणि ती तो दुसऱ्या कशावर तरी बसवेल. शिवाय उजेड फुकट झाल्यावर विणकरांचा मालक त्यांना अंधार पडल्यावर घरी कशाला जाऊ देईल? हे सगळं तुझ्या त्या एका ओळीत दडलेलं आहे आणि तू राजकन्येच्या केसांचं वर्णन करत बसली आहेस!

रागावू नकोस. मला तुझी काळजी वाटते, कारण हात चांगला आहे.

आता इंजिन. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात वाफेच्या झोताने फिरणाऱ्या पोकळ गोळ्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्यातून कारखाने उभे राहिले नाहीत. त्या गोळ्याकडून करून घ्यावं असं कोणाचंही काम अडलं नव्हतं. पुढे १७१२ मध्ये थॉमस न्यूकोमेनचं इंजिन इंग्लंडमधल्या एका कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसू लागलं. ते भयंकर कोळसा खायचं. खाणीपासून दूर ते फारसं कुणाला परवडलं नसतं, पण खाणीच्या तोंडाशी विकला न जाणारा चुरा पडलेलाच असे. आणि पाणी आधी कोण उपसत होतं? चक्राला जुंपलेले घोडे, आणि त्यांच्या दाणावैरणीचा खर्च खाणमालकाच्या माथी. म्हणून इंजिन तिथे आलं. तेव्हा जादू असताना यंत्र येईल का, असं मोघम विचारू नकोस. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात तांब्याची खाण आहे. तिथे गुडघाभर पाणी आहे आणि एकही जादूगार नाही, कारण तुझे जादूगार दरबार सोडून कुठे जातच नाहीत. तुझ्या जगातलं पहिलं यंत्र तिथेच तयार होणार. राजधानीत ते कुणाला ठाऊकही नसेल.

बंदुकीचंही तसंच. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये फर्मान काढलं की धडधाकट पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करावा. असं फर्मान काढावं लागतं, कारण लांब धनुष्य ओढणारा खांदा लहानपणापासून घडवावा लागतो. मेरी रोझ हे इंग्लंडचं युद्धजहाज १५४५ मध्ये बुडालं. त्यावर सापडलेल्या काही सांगाड्यांच्या खांद्यांतला बदल संशोधक याच सरावाशी जोडतात. सुरुवातीची बंदूक नेमाला कच्ची आणि भरायला सावकाश, तरी तीच टिकली. शेतातून उचलून आणलेल्या माणसाला ती थोड्या दिवसांत शिकवता येत होती. तुझा जादूगार तयार व्हायला अर्धं आयुष्य जातं, असं तू स्वतःच लिहिलं आहेस. मग सेनापती काय करेल? विशेषतः ज्या सेनापतीला जादूगारापुढे मान तुकवायचा कंटाळा आला आहे?

आणि राजा जादूगारांना मोकळं सोडेल, हे तर माझ्या गळी उतरतच नाही. व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. त्या कारागिरांना मान होता, पैसा होता, पण कसब घेऊन परमुलखात जायची मुभा नव्हती.

सगळ्यात जास्त जपायला हवं ते कष्ट वाचवणाऱ्या जादूपाशी. कापसातली सरकी हाताने काढणं फार किचकट काम. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं यंत्र आलं आणि ते चुटकीसरशी होऊ लागलं. अमेरिकेतले गुलाम त्यामुळे सुटले का? सरकी काढणं सोपं झाल्यावर कापूस पिकवणं फायद्याचं झालं, आणि लावणी-वेचणी तर हातानेच होत होती. १७९० मध्ये तिथे सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. तुझी जादूगारीण दयाळू आहे, ती शेतकऱ्यांचं ओझं हलकं करते आणि प्रकरण संपतं. कोणतं ओझं हलकं केलं आणि ते उतरवून कुणाच्या पाठीवर ठेवलं? लिही ना ते!

रोगनिवारणाच्या मंत्राबद्दलही थोडं. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने कोण कुठलं पाणी पितं याचा घरोघरी माग काढला आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला. हात ठेवताच रोगी बरा करणारी माणसं त्या गल्लीत असती, तर पंपाकडे कुणी वळून बघितलं असतं का? तुझ्या नगरात विहिरी तशाच दूषित राहतील, आणि मांत्रिकाची दक्षिणा परवडत नाही ते मरत राहतील.

माझ्या पहिल्या कादंबरीत मंत्राने माल एका क्षणात डोंगरापलीकडे जायचा. खिंडीतले हमाल, खेचरवाले, धर्मशाळा चालवणारी विधवा, यांच्यावर मी एक मोठं प्रकरण लिहिलं होतं. कथा रेंगाळते म्हणून प्रकाशकाने ते काढलं. त्याची हळहळ आजही जात नाही. ते गेल्यावर पुस्तकात उरला फक्त चमत्कार, आणि शेवटी खिंडीतली माणसं बंड का करतात ते एकाही वाचकाला कळलं नाही. त्यानंतर मी असं एकही पान कुणाला काढू दिलेलं नाही. पुस्तकं कमी खपली, हेकट म्हणून नाव झालं. लोक म्हणतात, याच्या कादंबऱ्यांत जादूगारांपेक्षा हमालच फार. असतात, कारण जादूचा अर्थ त्यांच्याच घरात कळतो. माझं हे म्हणणं बरोबर आहे आणि मी ते सोडणार नाही. तूही कुणाच्या सांगण्यावरून सोडू नकोस.

चौथं प्रकरण आत्ता लिहू नकोस. आधी तांब्याच्या खाणीवरची दहा पानं कर: पाणी कोण उपसतं, कशाने उपसतं, दिवसाचे किती मिळतात, आणि दरबारातून जादूगार बोलवा म्हटल्यावर मुकादम काय उत्तर देतो. झाली की लगेच पाठव.